गेजवर काय ठेवायचं

साखरप्याहून आंबा घाट चढायला लागलो तेव्हा तापमानाचा काटा बरोबर मधे होता. पुढे चिऱ्याने भरलेला ट्रक लागला, त्याच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगत राहिलो, तरी काटा मधेच. गाडीत सात माणसं, मागे आंब्याच्या चार पेट्या, मे महिन्याची दुपार, एसी चालू. माथा दोन वळणांवर आला असताना तो काटा माझ्या डोळ्यांदेखत उठला आणि लाल पट्टीला जाऊन टेकला. बाजूला घेऊन इंजिन बंद करेपर्यंत बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली होती.

रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाकीला केसाएवढी चीर गेली होती. पाणी थोडं थोडं करून कधीपासून जात होतं कोणास ठाऊक. हेड गॅस्केट गेलं, हेड किंचित वाकलं, उद्यमनगरात फेस मारून (पृष्ठभाग सपाट करून) घ्यावा लागला. नऊ दिवस गाडी उभी आणि ३८ हजार रुपये खर्च. पण पैशांपेक्षा मला दुसरीच गोष्ट लागून राहिली. माझं काट्याकडे दुर्लक्ष झालं नव्हतं. घाटात मी दर दोन मिनिटांनी तिकडे बघत होतो. बघूनही कळलं नाही.

गाडी आणायला गेलो तेव्हा मेस्त्रींना हेच विचारलं. ते हात पुसत म्हणाले, "त्या काट्यावर जाऊ नका दादा. त्यो लोकांना घोर लागू नये म्हणून बसवलेला काटा हाय." मग त्यांनी स्टेअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला, इंजिन चालू केलं आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. पाण्याचं तापमान अंशांत दिसत होतं. ७१, ७२, ७३... ७६ ला डॅशबोर्डवरचा काटा मधे येऊन थांबला. आकडा पुढे चढत राहिला, ८०, ८५, ९०, ९५, पंखा लागला, तरी काटा तसूभर हलला नाही. पुढे गाडी वापरताना मी स्वतः ताडून पाहिलं. माझ्या गाडीत ७६ पासून १०३ पर्यंत काटा एकाच जागी असतो. सत्तावीस अंशांचा फरक तो पोटात घालतो. नेमक्या त्याच सत्तावीस अंशांत माणसाच्या हातात काहीतरी करण्यासारखं असतं.

तिथेच ठरवलं की हा आकडा रोज माझ्यासमोर पाहिजे.

सॉकेटमध्ये बसणारा एक ब्लूटूथ डोंगल घेतला, फोनवर ॲप घातलं. जोडल्यावर ॲपने गाडीला विचारून जी यादी समोर ठेवली ती बघून हरखून गेलो. इंजिनाचे फेरे, वेग, इंजिनवरचा भार, पाण्याचं तापमान, आत येणाऱ्या हवेचं तापमान, मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब, बाहेरच्या हवेचा दाब, हवेचं वजन, रेलमधला डिझेलचा दाब, बॅटरीचे व्होल्ट, पेडल किती दाबलंय ते. मी फोनच्या स्क्रीनवर बारा चौकोन मांडले आणि आठवडाभर त्या बारा आकड्यांसह गाडी चालवली.

त्या आठवड्यात तीन गोष्टी झाल्या आणि तिन्हींमुळे मला विचार करावा लागला.

पहिली अशी की तेलाच्या तापमानाचा चौकोन उणे ४० दाखवत होता. कोल्हापुरात, जूनच्या पहिल्या आठवड्यात. शोधल्यावर कळलं की गाडी तापमान अंशांत पाठवतच नाही. ती ० ते २५५ मधला एक आकडा पाठवते आणि ॲप त्यातून ४० वजा करतं. म्हणजे उणे ४० पासून २१५ पर्यंतची तापमानं एका छोट्या आकड्यात बसतात. माझ्या इंजिनला तेलाच्या तापमानाचा सेन्सरच नाही, त्यामुळे शून्य येत होतं आणि शून्यातून ४० गेले की उणे ४०. यादीत नाव आहे म्हणून गाडीत सेन्सर आहे असं नसतं, हे इथे पहिल्यांदा लक्षात आलं.

दुसरी म्हणजे मॅनिफोल्डचा दाब. गाडी बंद, फक्त किल्ली फिरवलेली, आणि दाब ९५ किलोपास्कल. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) फिरत नसताना दाब कुठून आला म्हणून मी घाबरलो. तो साधा हवेचा दाब होता. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथली हवा तेवढीच दाबते. पुढे रत्नागिरीला भाट्याच्या किनाऱ्यावर किल्ली फिरवली तर १०१ आला, पन्हाळ्यावर ९०. म्हणजे टर्बोचा खरा दाब हवा असेल तर मॅनिफोल्डच्या आकड्यातून बाहेरच्या हवेचा आकडा वजा करायला हवा. ॲपमध्ये ती सोय होती, फक्त निवडावी लागत होती.

तिसरी गोष्ट बायकोने सांगितली. तावडे हॉटेलच्या चौकात पुढची बस थांबली आणि मी उशिरा ब्रेक मारला. ती एवढंच म्हणाली, "अहो, रस्त्याकडे बघा." तिचं बरोबर होतं. बारा आकडे वाचायला डोळे रस्त्यावरून काढावे लागतात. शिवाय डोंगल गाडीला एकेक करून प्रश्न विचारतो, एकाचं उत्तर आलं की दुसरा. बारा प्रश्न असले की फेरी पुन्हा पहिल्यावर यायला वेळ लागतो. माझा टर्बोचा आकडा दोन-दोन सेकंद शिळा असायचा. नजरही जात होती आणि दिसत होतं तेही मागचं.

त्या रविवारी माझे वडील, आप्पा, अंगणात चहा पीत बसले होते. आप्पांनी ३१ वर्षं शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनाच्या कारखान्यात टेस्टिंगला काढली. पंचगंगेच्या काठाने उसाला पाणी चढवणारी ती संथ फिरणारी इंजिनं. जोडून झालेलं प्रत्येक इंजिन टेस्ट बेडवर चढायचं. फ्लायव्हीलशेजारी दोरी गुंडाळलेला ड्रम, दोरीच्या टोकाला स्प्रिंगचा काटा, त्यावर भार धरायचा. मी लहानपणी डबा घेऊन जायचो तेव्हा आप्पा पाणी बाहेर पडतं त्या नळीखाली हात धरून उभे दिसायचे. मला वाटायचं हात धुतायत. ते तापमान बघत असत. शेजारी थर्मामीटर असायचा, पण आधी हात.

त्यांना मी फोन दाखवला, बारा चौकोन समजावून सांगितले. त्यांनी नीट ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "आमच्याकडं चार होतं. फेरे, लोड, पाणी आणि तेलाचं प्रेशर. पाचवं म्हंजे काचंच्या नळीतलं डिझेल किती सेकंदांत संपतंय ते, पण ते मालकासाठी. इंजिनासाठी चारच."

"आता जास्त कळतं आप्पा."

"कळतं की. पर ह्यातला कुठला आकडा हालला तर तू काय करणार हाईस, ते सांग बघू एकेकाचं."

मला चार-पाच आकड्यांपुढे काही सांगता आलं नाही. आप्पांनी कॅलेंडरचं मागचं पान फाडलं आणि त्यावर तीन रकाने आखले. आकडा. हालला तर काय झालेलं असतं. हात काय करणार. तिसरा रकाना रिकामा राहील तो आकडा समोर ठेवायचा नाही. टेस्ट बेडवर त्यांनी हेच केलं होतं. हात भाराच्या चाकावर आणि डिझेलच्या दांडीवर असताना उपयोगाचं नाही ते त्यांच्या पाटीवर नव्हतं.

त्या पानावर आम्ही बसलो ते दुपारचं जेवण होईपर्यंत.

फेरे आणि वेग लगेच गेले, डॅशबोर्डवर आहेतच. इंजिनवरचा भार मला ठेवायचा होता. आप्पांच्या यादीत लोड आहे, म्हणून. पण त्यांनीच तो खोडला. टेस्ट बेडवर भार बाहेरून लावलेला असतो आणि इंजिन तो कसा पेलतं ते बघायचं असतं. इथे हा टक्का ईसीयू (गाडीतला कॉम्प्युटर) हिशेबाने काढतो आणि बहुतेक वेळा तो मी पेडल किती दाबलं तेच सांगतो. ते माझ्या पायाला आधीच ठाऊक असतं. रेलमधला डिझेलचा दाब आणि हवेचं वजन मेस्त्रींच्या कामाचे. दुखणं शोधताना ते लागतात, चालवताना मी त्यांचं काही करू शकत नाही. लिटरला किती पळते तो क्षणाक्षणाचा आकडा मी स्वतः काढला. त्या आठवड्यात मी त्याच्याच नादी लागलो होतो. आकडा वर राहावा म्हणून शिरोलीच्या पुलावर उगाच हळू जात होतो आणि मागचे हॉर्न मारत होते.

आत येणाऱ्या हवेच्या तापमानावर बराच वेळ गेला. माझ्या गाडीत तो सेन्सर इंटरकूलरनंतर, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीनंतर आहे. हायवेला तो बाहेरच्या हवेपेक्षा दहा-बारा अंश वर असतो, महाद्वार रोडच्या गर्दीत ६० च्या वर जातो. उन्हाळ्यात गाडी घाटात का मरगळते ते त्यावरून छान कळतं. पण तिसऱ्या रकान्यात काय लिहायचं? गाडी पुढे काढली की तो आपोआप उतरतो. काढला. थोडं जिवावर आलं.

उरलं पाणी. त्याबद्दल प्रश्नच नव्हता. पण पाण्याचा आकडा नुसता समोर असून भागत नाही, हे मेस्त्रींनी आधीच बजावलं होतं. सेन्सरची पिन पाण्यात बुडालेली असेल तोवर तो पाण्याचं तापमान सांगतो. पाणीच गेलं तर पिन वाफेत नाहीतर हवेत लोंबते आणि आकडा खाली येतो. माझ्या गाडीत त्या दिवशी काटा इतका उशिरा का उठला, त्यात याचाही हात असावा असं त्यांचं म्हणणं. म्हणून पाण्यापुढे तिसऱ्या रकान्यात दोन ओळी झाल्या. चढत असेल तर एसी बंद, गिअर खाली, फेरे वर. फेऱ्यांबरोबर पाण्याचा पंप जोरात फिरतो, तिसऱ्यात रेटण्यापेक्षा दुसऱ्यात इंजिन गार राहतं. तेवढ्याने उतरलं नाही तर केबिनचा हीटर पूर्ण उघडायचा, इंजिनाची उष्णता थोडी तरी तिकडून निघते. आणि चढावर असताना आकडा एकदम पंधरा-वीस अंश पडला, तर आनंद मानायचा नाही, बाजूला घेऊन इंजिन तत्काळ बंद करायचं. झाकणाला हात लावायचा नाही.

दुसरा आकडा व्होल्ट. मी तो बॅटरीसाठी म्हणून यादीत ठेवला होता. गाडी बंद असताना १२.६, चालू झाली की १४ च्या वर. आप्पांनी विचारलं, "अल्टरनेटर कशानं फिरतो?" बेल्टने. "आणि पाण्याचा पंप?" आम्ही उठून बॉनेट उघडलं. एकच पट्टा. तोच अल्टरनेटरला, तोच पाण्याच्या पंपाला. म्हणजे चालत्या गाडीत १४.२ चे १२.३ झाले तर नुसतं चार्जिंग गेलेलं नाही, पट्टा तुटलेला असू शकतो, आणि पाणी फिरायचं थांबलेलं असू शकतं. तापमान चढायला काही मिनिटं लागतील, पण व्होल्ट त्याच क्षणी पडतील. पाण्याची पहिली खबर पाण्याच्या आकड्याआधी बॅटरीचा आकडा देणार. प्रत्येक गाडीत अशी जोडणी नसते. काहींत पंप टायमिंग बेल्टवर असतो, आणि नव्या कित्येक गाड्यांत अल्टरनेटरच ईसीयूच्या हुकमावर व्होल्ट खालीवर करतो, तिथे १२.८ दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. आपल्या गाडीचं बॉनेट उघडून बघावं लागतं.

तिसरा, टर्बोचा दाब. याच्या तिसऱ्या रकान्यात आप्पांना काही दिसेना आणि मलाही नीट सांगता येईना, तरी मी हट्टाने ठेवला. चार महिन्यांनी त्याने स्वतःच आपली जागा मिळवली. बुधवार पेठ ओलांडून वाघबीळवरून पन्हाळ्याला जाताना एक सरळ चढ लागतो. तिथे तिसऱ्या गिअरमध्ये पेडल पूर्ण दाबलं की माझ्या गाडीत दाब १.३ बारपर्यंत जायचा, दर वेळी. ऑक्टोबरात एका रविवारी तो ०.८ च्या पुढे गेलाच नाही. गाडी ओढत होती, धूर नव्हता, चेक इंजिनचा दिवा नव्हता. सोमवारी मेस्त्रींकडे गेलो. इंटरकूलरच्या खालच्या होज पाइपचा क्लॅम्प सैल झाला होता, पाइपवर तेलाचा ओलसर पट्टा उमटला होता. बोट लावलं तर काळं. क्लॅम्प आवळला, काम झालं. मेस्त्रींनी पैसे घेतले नाहीत, पण फोनवरचा आकडा दोनदा बघून घेतला.

चौथी जागा रिकामी ठेवून आप्पा थांबले होते. "आता तेलाचं प्रेशर घाल."

मी सगळी यादी पुन्हा चाळली. नव्हतंच. मला खरं वाटेना. इंजिनाला सगळ्यात आधी मारणारी गोष्ट ती, आणि तिचाच आकडा नाही! नंतर वाचत गेलो तसा उलगडा झाला. सॉकेटमधून आकडे देणारी ही सगळी व्यवस्था ड्रायव्हरसाठी आलेलीच नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या धुरक्यावरून ती सुरू झाली, १९९६ पासून तिथल्या सगळ्या नव्या कारना सक्तीची झाली, आपल्याकडे बीएसच्या प्रदूषण-नियमांबरोबर आली. गाडीच्या नळीतून काय बाहेर पडतं ते नीट आहे ना, यावर पाळत ठेवणं हे तिचं काम. म्हणून त्या ठरलेल्या यादीत हवा, इंधन, ऑक्सिजन सेन्सर यांचे आकडे भरपूर, आणि तेलाच्या दाबाचा नाही. माझ्या इंजिनवर तर दाब मोजणारा सेन्सरही नाही, नुसता स्विच आहे. दाब पार खाली गेला की दिवा लावतो. दिवा लागेपर्यंत बेअरिंगचं व्हायचं ते होऊन गेलेलं असू शकतं.

आप्पांनी ते मान्य केलं नाही. "मग बशीव की." दुसऱ्या दिवशी ते स्वतः माझ्याबरोबर उद्यमनगरात आले.

स्विचच्या जागी टी (तीन तोंडांचा जोड) बसवायचा, एका तोंडाला जुना स्विच, दुसऱ्याला नवा दाबाचा सेन्सर, आणि त्याचं वेगळं छोटं गोल मीटर. ऐकायला सोपं. मी मागवलेल्या सेन्सरबरोबर आलेला टी इंजिनच्या भोकात दोन फेरे गेला आणि अडकला. मेस्त्री पान्हा लावणार एवढ्यात आप्पांनी त्यांचा हात धरला. टी काढला, खिशातून आटे मोजायची गेज काढली (निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, ती अजून खिशात असते) आणि पात्या एकेक करून लावून बघितल्या. टी वर इंचाला २७ आटे, इंजिनमध्ये २८. एक अमेरिकन, एक ब्रिटिश. आठवा इंच दोन्ही म्हणवतात, बाहेरून बघून कळत नाही, पहिले दोन आटे बसतातही. जोर लावला असता तर ब्लॉकमधले आटे गेले असते.

समोरच्या लेथवाल्याने पितळेच्या गजातून अर्ध्या तासात जोड काढून दिला, एका बाजूला २८, दुसऱ्या बाजूला २७. आप्पा तिथे उभे राहून बघत होते. पितळेचा पिवळाधमक कीस त्यांच्या चपलांवर पडत होता आणि ते हलत नव्हते. टी सुद्धा त्यांनी थेट इंजिनवर बसवू दिला नाही. इंजिनाच्या थरथरीने लांबलेला पितळेचा टी मानेत तुटतो आणि सगळं तेल रस्त्यावर येतं, त्यांनी ते पाहिलेलं होतं. म्हणून भोकातून तेलाची लवचीक नळी काढली आणि टी बॉडीवर पट्टी मारून आवळला. गाडी वॉरंटीत असती तर मी हे केलं नसतं.

आता सकाळी गार इंजिनाला दाब चार बार दिसतो. तापल्यावर नुसती चालू असताना १.३, हायवेला साडेतीनच्या आसपास. हा आकडा दिवसेंदिवस काहीच करत नाही आणि तेच मला हवं असतं.

हे चार ठरले, तरी किती झालं की ओरडायचं ते ठरत नव्हतं. पहिल्यांदा मी पाण्याचा अलार्म १०० वर ठेवला, गोल आकडा म्हणून. गगनबावड्याच्या घाटाने कोकणात गेलो तर परतीच्या चढावर तो सतत वाजत राहिला आणि मुलांनी कान झाकले. तिसऱ्या वेळी माझंही तिकडे लक्ष जाईना. वाजूनही आपण बघत नसू तर तो आणि मधे उभा राहिलेला काटा यात फरक काय राहिला?

यावरही उपाय टेस्ट बेडवरचाच निघाला. आप्पांकडे तिथे प्रत्येक इंजिनाचं पान असायचं. आता गाडीच्या खणात शंभर पानी वही आहे. तीन महिने आम्ही काहीही बदललं नाही, फक्त लिहिलं. शेजारी बसणाऱ्याने लिहायचं, चालवणाऱ्याने नाही. कुठे, किती माणसं, एसी चालू की बंद, ऊन की पाऊस, आणि आकडे. त्यातून माझ्या गाडीची चाल कळत गेली. हायवेला कागलकडे जाताना ८८ ते ९०. शहरात ९७ ला पंखा लागतो, ९२ ला बंद होतो, पुन्हा ९७, असा करवतीच्या दातांसारखा आलेख. बिंदू चौकात अडकलो आणि आकडा ९८ ओलांडून पुढे गेला तर पंखा लागलेला नाही, हे आता वाजायच्या आधी कळतं. घाटात भरल्या गाडीला सगळ्यात जास्त १०१. म्हणून पहिला अलार्म १०४ ला आणि थांबण्याचा ११० ला. कूलंट नीट मिसळलेलं आणि झाकण दाब धरणारं असेल तर ते १०० अंशाला उकळत नाही, बऱ्याच वर जाऊन उकळतं, त्यामुळे १०१ बघून आता पोटात गोळा येत नाही. पण हे १०४ माझ्या गाडीचे आहेत. तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या वहीतूनच निघेल.

ताराबाई पार्कातल्या माझ्या मावसभावाने हीच यादी उचलली आणि त्याला ती कामाची ठरली नाही. त्याची गाडी बीएस-६ डिझेल. घर ते दुकान तीन किलोमीटर, दुकान ते घर तीन. त्याच्या गाडीला घाट कधी लागतच नाही, पाणी नीट तापतही नाही. त्याचं दुखणं सायलेन्सरकडचं, डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी. काजळी त्या जाळीत साठते आणि ती जाळायला आतलं तापमान साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत न्यावं लागतं. गाडी ते स्वतः करते, पण सलग पळाली तर. याची गाडी जाळायला सुरुवात करायची आणि हा दुकानापाशी चावी काढायचा. आप्पांनी डिपस्टिक काढून बघितली तर तेल कमी व्हायच्या ऐवजी खुणेच्या वर आलेलं. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक जाळण्यात थोडं डिझेल तेलात उतरतं, त्याने तेल पातळ होतं. त्याच्या गेजवर पहिली जागा काजळीच्या आकड्याची आहे. तो सर्वसाधारण यादीत नसतो, कंपनीगणिक वेगळा कोड लागतो, त्याच्या गाडीचा ॲपमध्ये मिळाला. आकडा चढला आणि जाळणं सुरू झालं की तो गाडी हायवेला काढून कागलपर्यंत जाऊन येतो. तिसऱ्या रकान्यात त्याच्याकडे तेच लिहिलंय: "कागल."

एक सांगायचं राहिलं. सॉकेटला बॅटरीची लाइन कायम चालू असते, किल्ली काढली तरी. मी डोंगल तसाच ठेवून आठ दिवस पुण्याला गेलो होतो आणि परत आल्यावर गाडीने सेल्फ घेतला नाही. तेव्हापासून गाडी दोन दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर डोंगल काढून वहीबरोबर खणात ठेवतो.

यंदा पुन्हा मे महिन्यात रत्नागिरीला गेलो. तीच माणसं, आंब्याच्या पेट्या या वेळी पाच. साखरपा सोडल्यावर आप्पांनी पुढच्या सीटवर वही मांडीवर घेतली. ९३. ९५. वळणं सुरू झाली. ९८. मागून आई विचारत होती, "किती झालं रे?" ९९. एक टँकर लागला, दुसऱ्यात आलो. तेल ३.१, व्होल्ट १४.१. १००. गेल्या वर्षी जिथे उभे राहिलो होतो तो कठडा डाव्या हाताला आला आणि मुलं एकदम गप्प झाली. १०१. मी एसीच्या बटणावर बोट नेऊन ठेवलं. १०१. १०१. १००.

आप्पांनी बॉलपेनचं टोपण दातात धरून लिहिलं: आंबा घाट चढ, माणसं ७, एसी चालू, पाणी १०१, माथ्यानंतर चौथ्या मिनिटाला ९४.